आजोबा दारात अडकले

माझ्या मामांच्या हातात नवी वस्तू गेली की घरातले सगळे दोन पावलं मागे सरकतात. मामा ती आधी उलटी करतात, मग कानाशी नेऊन हलवतात, आणि मग तिच्यावर 'असे करू नये' म्हणून जे काही छापलेलं असतं ते करून पाहतात. मनात वाईट काही नसतं. मामींच्या भावाने हौसेने आणलेला मिक्सर त्यांनी पहिल्याच दिवशी झाकण उलटं लावून चालवला, तोही अगदी निर्मळ मनाने. स्वयंपाकघराच्या छतावर अजून एक फिकट हिरवा डाग आहे. कुणी पाहुणा चुकून वर बघायला लागला की मामी मामांकडे बघतात.

या स्वभावावरच मामांनी आयुष्यभर पोट भरलं. ऐन उमेदीची वर्षं ते सुटकेसच्या कारखान्यात होते आणि तिथे त्यांचं काम सुटकेस जिन्यावरून खाली टाकणं हे होतं. भरून टाकायची, रिकामी टाकायची, हँडलला धरून गरगर फिरवून टाकायची. लग्न ठरताना मामींच्या वडिलांना "मुलगा तपासणी खात्यात आहे" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण लग्नानंतर मामी एकदा डबा द्यायला गेल्या आणि जिन्याच्या वरच्या टोकाला उभे राहून दोन्ही हातांनी सुटकेस भिरकावणारे आपले यजमान त्यांनी पाहिले. त्या दिवसापासून त्या 'खातं' हा शब्द जरा जपूनच वापरतात.

कारखाना बंद पडला आणि मामा घरी बसले. बसले म्हणजे काय, घरातल्या वस्तूंकडे वळले. आठवडाभरात मामींचा मला फोन.

"तुझ्या ऑफिसात यांना कुठेतरी चिकटव रे बाबा. घर शिल्लक आहे तोवर."

मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत चित्रं काढतो. टायरच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या आहेत. गेममधल्या भिंती, जिने, दारं माझी. ती उघडतात-मिटतात कशी हे ठरवणं मुख्य प्रोग्रामर मॅडमचं. मॅडम वयाने माझ्याहून लहान, पण त्यांनी चष्मा वर सरकवला की मालकसुद्धा खुर्चीत सरळ बसतात. त्यांना टेस्टर हवा होता. टेस्टर म्हणजे तयार होत आलेला गेम मुद्दाम वेडावाकडा खेळून तो कुठे मोडतो हे शोधणारा माणूस.

"म्हणजे मोडायचं," मामा म्हणाले, "आणि मोडलं की वर शाबासकी?"

"हो."

"मग इतकी वर्षं होतात कुठे तुम्ही लोक?"

आमचा तेव्हाचा गेम एका दीपगृहाचा होता. कंदील घेतलेले एक म्हातारे आजोबा दीपगृहाच्या खोल्या चढत जातात, मागून समुद्राचं पाणी चढत येतं. प्रत्येक खोलीला वरून खाली पडणारं एक लोखंडी दार. आजोबा दारातून गेले की दार खाली येणार आणि गेम आपोआप सेव्ह होणार, म्हणजे खेळणारा तिथवर पोचल्याची नोंद होणार. दुसऱ्या दिवशी गेम लावला की तिथूनच पुढे.

मामा आजोबांवर तुटून पडले. आजोबांना कोपऱ्यात तोंड घालून पळवलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तासन्‌तास उड्या मारायला लावल्या. आजोबांची दाढी कंदिलातून आरपार जाते, सीगल पक्षी कधीकधी उताणा उडतो, असे बारीकसारीक बग, म्हणजे गेममधल्या चुका, त्यांनी मायेने शोधून काढले. सगळ्या टेस्टरांना आस असते ती मात्र मोठ्या बगची. मोठा बग म्हणजे गेमच बसतो. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही, खेळणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात. असा बग गेम बाजारात जायच्या आधी सापडला तर टेस्टरचा सत्कार, आणि नंतर लोकांना सापडला तर सगळ्यांचाच.

मामांना तसा एक सापडला होता. "आजोबा भिंतीतून आरपार जातात! कुठल्याही!" मॅडमनी जेवणखाण सोडून सगळ्या भिंती तपासल्या, मी सगळ्या पुन्हा रंगवल्या. शेवटी मॅडम मामांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कळलं, की आम्ही ऑफिसातल्या लोकांनी आपल्या सोयीसाठी कीबोर्डवर भिंतीतून जायची एक गुप्त कळ ठेवली होती, आणि हनुवटी तळहातावर टेकून खेळायची सवय असल्यामुळे मामांचं कोपर तिच्यावर विसावलेलं असायचं.

मॅडमनी त्या कळीवर बाटलीचं झाकण चिकटवलं. मालकांनी मात्र मामांना आत बोलावून स्पष्ट सांगितलं, "पुन्हा असं झालं तर तुम्हाला ग्राहकांच्या फोनवर बसवीन."

मामा घामाघूम होऊन बाहेर आले. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, आणि हातात मोडायला काही नाही!

अशात, गेम बाजारात जायला आठवडा राहिला असताना, मामांच्या टेबलाकडून एक आवाज आला. ओरडल्याचा नव्हे, आवंढा गिळल्याचा. मी जाऊन पाहिलं. स्क्रीनवर दीपगृहाच्या शेवटच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्या दारात आजोबा होते. कमरेवरचे आजोबा दाराच्या अलीकडे, पाय पलीकडे.

गेम बंद करून लावला, आजोबा दारात. मशीन बंद करून लावलं, आजोबा दारात. दार पडता पडता गेम सेव्ह झाला होता. त्यामुळे आता जन्मभर आजोबा तिथेच. पहिल्या खोलीपासून सगळं पुन्हा खेळायचं, दुसरा इलाज नाही.

मॅडम आल्या. आधी त्यांनी आजोबांकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे.

"काका, झाकण कुठे आहे?"

झाकण टेबलावर वेगळं पडलं होतं.

"ते... निघतं का ते बघत होतो," मामा म्हणाले.

"निघालं?"

"निघालं."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "काका, मला तुमचं खोटं वाटत नाही. पण आजोबा दारात कसे गेले ते परत करून दाखवा. नाहीतर मी हे कोपरच समजणार, आणि मालकही."

परत करून दाखवणं हेच टेस्टरचं खरं काम. मामांनी नवीन झाकण दुहेरी चिकटवलं, कोपर मफलरने खुर्चीला बांधलं आणि आजोबांना घेऊन निघाले. आजोबा दारातून सरळ गेले. उलटे गेले. उड्या मारत गेले. दुसऱ्या दिवशी मामा आदल्या दिवशीचाच शर्ट घालून आले, तेच बिस्कीट त्याच हाताने खाल्लं. दार सभ्यपणे वर राहायचं, आजोबा गेले की सभ्यपणे खाली यायचं. मालक एकदा येऊन नुसतेच मागे उभे राहिले आणि गेले. ग्राहकांच्या फोनशेजारची खुर्ची कुणीतरी पुसून ठेवली.

मी मामांना जिन्यात नेलं.

"मामा, खरं सांगा. तेव्हा काय चाललं होतं?"

"काम."

"आणि?"

मामांनी मागे-पुढे पाहिलं. "तुझ्या मामीचा फोन आला होता. मी टाकीचा नळ उघडा टाकून आलो होतो."

"मग हे सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? कामाच्या वेळी घरचा फोन घेतला, तोही पॉज न दाबता!"

"पॉज का नाही दाबला?"

"अरे, पॉज दाबला की टिंग वाजतं. तुझ्या मामीला तो टिंग पाठ आहे. लगेच विचारते, 'खेळताय ना?' नाही म्हटलं तर खोटं, हो म्हटलं तर मेलो. म्हणून मी काय करतो, फोन आला की आजोबांना उंबऱ्यात नेऊन उभं करतो. तिथे पाणी चढत नाही. बिचारे थांबतात."

मी मामांना तसंच मॅडमपुढे नेऊन उभं केलं. मामा खाली मान घालून सगळं बोलले. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांचे डोळे चमकले.

"काका, फोन कुठे ठेवला होता? कीबोर्डजवळ? थरथरत होता का? चला, मामींना फोन करायला सांगा."

मी मामींना कळवलं, की ऑफिसच्या कामासाठी मामांना एक फोन करा, सगळे ऐकताहेत. मामांनी आजोबांना उंबऱ्यात उभं केलं. फोन वाजला.

"नमस्कार," पलीकडून मामी म्हणाल्या. हा आवाज मी त्यांच्या तोंडून फक्त डॉक्टरांशी बोलताना ऐकला होता. "आपण कामात असाल. मी इकडे मजेत आहे. ठेवू का?"

फोन संपलासुद्धा. आजोबांनी कंदील या हातातून त्या हातात घेतला, बाकी काही नाही.

"मॅडम," मामा हळूच म्हणाले, "हा तो फोन नव्हे. तो फोन वेगळा असतो."

"मग तो फोन करायला सांगा."

"सांगून येत नाही तो."

मामांनी फोन हातात घेतला. मग उंच जागेवरून उडी मारणाऱ्या माणसासारखा श्वास घेतला आणि घरी फोन लावला. "अगं, सांगायचं राहिलंच. ताईकडचे सगळे आज रात्री आपल्याकडे जेवायला येताहेत." आणि फोन कापला.

ताई म्हणजे माझी आई. मला म्हणायचं होतं की मला तरी विचारायचं. पण तेवढ्यात मामांनी आजोबांना उंबऱ्यात नेलं, हात कीबोर्डवरून उचलले, आणि फोन वाजला.

"अहो!"

मामा उभे राहिले. मामींचा हा आवाज आला की ते बसून ऐकत नाहीत.

"अहो, हे ठरलं कधी? काल वन्सं माझ्याशी तासभर बोलल्या, त्यांनी अवाक्षर काढलं नाही! घरात काय आहे, माहीत आहे का तुम्हाला? एक कोबी आहे. तोही काल तुम्ही खाली टाकून पाहिलेला!"

"अगं, घट्ट आहे का ते..."

"बोलू नका! मी बोलतेय. मागच्या वेळी काय झालं? माणसं दारात आल्यावर मला कळलं..."

फोनचा स्पीकर लावायची गरजच नव्हती. सगळं ऑफिस मामांच्या मागे गोळा झालं होतं. मामी मागच्या वेळेवरून त्याच्या मागच्या वेळेवर गेल्या, तिथून मिक्सरवर. स्क्रीनवर आजोबा उभे होते. त्यांनी कंदील बदलला. पाठ खाजवली. मामी सुटकेसवर आल्या. आजोबांनी कंदील खाली ठेवला. मग, उंबऱ्यातच, हळूच खाली बसले. मान छातीवर टेकली. डुलकी लागली.

ती डुलकी मीच काढली होती. आजोबांना खूप वेळ कुणी हलवलं नाही तर गंमत म्हणून. एरवी टेस्टरचा हात कधी थांबत नाही, त्यामुळे उंबऱ्यात ती कुणी पाहिलीच नव्हती.

वरून लोखंडी दार आलं. धप्प!

आजोबा दारात.

ऑफिसात असा जल्लोष झाला की खालच्या टायरवाल्याने वर येऊन काय पडलं ते विचारलं. मालक टाळ्या वाजवत होते.

"कोण ओरडतंय?" मामी. "मी इथे घसा फोडून बोलतेय आणि तिकडे टाळ्या कसल्या वाजताहेत?"

"तुझ्यासाठीच गं!" मामा म्हणाले. मामींनी हे ऐकून फोन ठेवला.

मॅडमना कारण कळायला वेळ लागला नाही. दारात कुणी उभं आहे का, एवढंच दार बघत होतं. बसलेला माणूस त्याच्या खिजगणतीतच नव्हता. चहा गार व्हायच्या आत त्यांनी दाराला तेवढी माणुसकी शिकवली. ग्राहकांच्या फोनशेजारच्या खुर्चीवर मालकांनी स्वतःची छत्री ठेवली, आणि तो विषय मिटला.

राहिला प्रश्न जेवणाचा. "आता कुणी येत नाही असं तू सांग," मामा मला म्हणाले. मी नाही म्हटलं. शेवटी आईलाच फोन केला. तीही बिचारी "आज? बरं" म्हणून सगळ्यांना घेऊन निघाली. मामींना खरं ते सांगून आभार मानायला मॅडमही आल्या.

मामींनी कोबी वाढला तो थेट मामांच्या पानात. बाकीच्यांना बाकीचं.

"मामी, तुमच्यामुळे आमचा गेम वाचला," मॅडम म्हणाल्या, आणि वाटी-चमच्याने त्यांनी दार आणि आजोबा करून दाखवले.

मामींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी बोलत असताना तो म्हातारा खाली बसून डुलक्या काढतो?"

"हो."

"आणि तुम्ही दुरुस्त काय केलंत? दार?"

"दार."

"डुलकी तशीच?"

मॅडम पहिल्यांदाच गडबडल्या. आई वाडगा तोंडाशी धरून हसत होती.

"पण मी म्हणते, तो दारात थांबतोच कशाला? थांबवायचं बटण नसतं का?"

"असतं ना," मॅडम सुटकेने म्हणाल्या, "पॉज! पण काका ते दाबत नाहीत. तो टिंग तुम्हाला ऐकू येतो म्हणून..."

टेबलाखालून मामांनी मॅडमना लाथ मारली. ती मला लागली.

"अस्सं," मामी म्हणाल्या. एवढंच. नंतर भांडी आवरताना त्यांनी मॅडमचा फोन नंबर मागून घेतल्याचं मी पाहिलं. पण बायका नंबर देतात-घेतात, म्हणून लक्ष दिलं नाही.

गेम बाजारात गेला. आजोबा कुणाच्याच दारात अडकले नाहीत. मामा पुढच्या गेमच्या आधी शेवटचं म्हणून पुन्हा दीपगृह चढत होते, तेव्हा त्यांनी सहज पॉज दाबला आणि खुर्चीतून उडाले. टिंग कसला, घंटाच ती! पलीकडच्या खोलीतले मालकसुद्धा दचकले.

"हा एवढा मोठा कधी झाला?" मामांनी विचारलं.

"एका टेस्टरची सूचना होती," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

"कुठल्या टेस्टरची?"

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मामांनी फोनकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, पॉजच्या कळीकडे पाहिलं. मग आजोबांना सावकाश उंबऱ्यात नेलं, हात वर उचलले आणि उभे राहिले.

"हॅलो. नाही, नाही, बोल ना."

आजोबांनी कंदील खाली ठेवला, ऐसपैस बसले आणि डोळे मिटले. दार वरच्या वर थांबून राहिलं.