बाबांचा न हललेला फोटो

जूचंद्रला आमच्या आजीचे हातपाय आपोआप उडू लागले, तेव्हा तिच्या अंगात येतं असं गावाने ठरवून टाकलं. बायका नारळ घेऊन यायच्या, आजी कौल द्यायची आणि आमच्या घरात खोबऱ्याला कधी तोटा पडला नाही. पुढे बाबांचे हातही तसेच उडू लागले, तेव्हा मात्र मी त्यांना मुंबईला डॉक्टरकडे नेलं. निदान झालं हंटिंग्टनचं. आईबापांकडून मुलांत उतरणारा मेंदूचा आजार. मला तो असण्याची शक्यता निम्मी. मी माझी तपासणी टाळत होते, आणि का टाळतेस असं विचारणाऱ्याशी भांडतही होते.

डॉक्टरबाईंचं संशोधन चालू होतं. रक्तातलं नको ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. या आजारात त्या पाझरू लागतात का, आणि लक्षणं दिसण्याआधीच ते कळू शकेल का, हे त्यांना पाहायचं होतं. खाडीचा बांध पाझरला की भाताचं काय होतं, हे बाबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते लगेच तयार झाले.

अडचण एवढीच, की शिरेत फोटोत उठून दिसणारं औषध टोचून एमआरआयच्या यंत्रात निश्चल पडायचं होतं. बाबा जितका जीव तोडून स्थिर राहायला बघत, तितके जास्त हलत. दोनदा फोटो पुसट आला. वर करमणूक म्हणून त्यांच्या कानात गाणी लावलेली. गाणी लावल्यावर कोण नाचणार नाही, असं बाबा वैतागून म्हणाले. तिसऱ्यांदा जमलं नाही तर सोडून देऊ, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

तिसऱ्या खेपेला बाबांनी गाणी बंद करायला लावली. यंत्राची धडधड सुरू झाली. मिठागरावरच्या पंपाशेजारी दुपारची झोप काढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना आणखी काय हवं? बाबा चक्क घोरू लागले. गाढ झोपेत या आजारातलं हलणं थांबतं. काचेपलीकडे त्यांचे हात पोटावर शांत पडले होते. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

फोटो स्वच्छ आला. काही ठिकाणी औषध भिंतीपलीकडे झिरपलेलं दिसत होतं. आजारावर इलाज अजून नाही, हेही डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मला फार वाईट वाटलं. बाबा मात्र परीक्षेत पहिले आल्यासारखे खुशीत. नायगाव स्टेशनवरून घरी येताना रिक्षात मी त्यांना विचारलं, एवढा अट्टहास कशासाठी केलात?

"माझा काय व्हायचा ता झाला, बाय. पन ह्यो आजार लवकर कलला, तं पुढं औषिद सापडंल. ह्यो फोटू तुझ्यासाठी हाय."

मी तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि माझ्या तपासणीची वेळ मागितली. बाबांनी माझा हात आपल्या उडत्या हातात धरला, आणि घर येईपर्यंत आमचे दोघांचे हात मिळून हलत राहिले.