कांदेकाकूंचं तेच ते

कांदेकाकू कोणतीही गोष्ट एकदाच सांगत नसत. "ये, बस, चहा घे," हे त्या तीनदा म्हणत आणि तिन्ही वेळा चहा खरोखर येई! आडनाव त्यांचं वेगळंच होतं. पण भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत फक्त त्यांच्याच क्वार्टरच्या खिडकीत पाण्याच्या पेल्यांवर कांदे बसलेले असत, तळ्यात पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे.

लग्नाआधी काकू कांद्याच्या डीएनएवर संशोधन करत होत्या. काकांना इथे नोकरी लागली आणि प्रबंध अर्ध्यावर राहिला. "कांद्याच्या एका पेशीत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त डीएनए," डोळे मिटून त्या सांगायच्या, "आणि बहुतेक मजकूर तोच तो, तोच तो, तोच तो." त्यांचे गाइड त्याला कचरा म्हणत. काकू चिडायच्या. "अजून कळलं नाही म्हणावं! पेशी दुभागताना डीएनएच्या धाग्याला जिथे धरून ओढतात ना, ती जागासुद्धा बहुधा अशाच तोचतोपणाची." तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजे. "हा बघ. रोज तोच. एक दिवस वाजला नाही तर अख्खी वसाहत बावचळेल."

दुपारच्या उन्हात त्या सूक्ष्मदर्शकातून मुळं पाहत आणि चित्रं काढत. काका कारखान्यातले रद्द झालेले नकाशे आणत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर. एका बाजूला टर्बाइन, दुसऱ्या बाजूला कांदा! अशा गुंडाळ्यांनी कपाट भरलं होतं. "यातूनच प्रबंध पुरा करणार," हेही तीनदा.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. काका नियमाचे पक्के. कारखान्याचा कागद घरात सापडायला नको, म्हणून वरची यंत्रं पाहून त्यांनी सगळ्या गुंडाळ्या कबाडीवाल्याला देऊन टाकल्या.

"अहो, तुम्ही एकच बाजू पाहिलीत," काकू म्हणाल्या. एकदाच. तेव्हा मी घाबरलो.

त्यांना मागे बसवून मी स्कूटर इंद्रपुरीला पळवली. कबाडीवाला गुंडाळ्या उलगडूनच बसला होता. "बहनजी, इत्ते सारे का क्या करोगी? सब में एक ही चीज़ तो बनी है!"

काकूंनी दोन चित्रं त्याच्यासमोर धरली. "गौर से देखो, भैया."

तो बराच वेळ पाहत राहिला. "अरे... ये वाली थोड़ी अलग है।"

काकूंचा चेहरा काय उजळला! माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? नक्कल करता करता जरासं चुकतं, आणि चुकता चुकता काहीतरी नवंच उगवतं. झाडं अशीच घडत आली रे."

गुंडाळ्या घेऊन त्या ग्वाल्हेरला गेल्या. प्रबंध काही झाला नाही, "करणार" मात्र प्रत्येक पत्रात असे, तीनदा. काकू वारल्यावर काकांनी मला एक चित्र पाठवलं. ते मी खिडकीच्या काचेवर लावलंय. सकाळचं ऊन आलं की टर्बाइनच्या पात्यांतून कांद्याचे धागे तरंगू लागतात.

पाहुणे विचारतात, मी ही गोष्ट सांगतो. आतून बायको ओरडते, "मागच्या वेळी सायकल होती, आज स्कूटर कुठून आली?"

मी पाहुण्यांना आणखी चहा विचारतो. तिसऱ्यांदा.