कमरेची गाठ

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा मेहकरचा एक सायकलवाला उन्हाळ्यात पैनगंगेच्या कोरड्या वाळूवर स्वतः बनवलेली तीनचाकी गाडी कापडाच्या मोठ्या पतंगाने पळवायचा. आधी मूठभर वाळू उडवून वारा बघायचा, बघ्यांना लांब बसवायचा. मी त्याच्या दुकानात हाताखाली होतो; मला दर वेळी बजावायचा, "दोर हातातच धर बे, कमरेले बांधू नको. सोडता आला पाह्यजे, नाही त वारा फरफटत नेते."

एका वर्षी वैशाखात तो बोलेनासा झाला. एका संध्याकाळी पतंग वर चढला होता आणि दोर त्याच्या कमरेला बांधलेला होता.

"हे काऊन?" मी विचारलं.

"मधात भेव वाटलं, तरी सोडता येऊ नये."

मी गाठीला भिडलो. त्याने अडवलं नाही, नुसते हात वर केले. वारा वाढत होता. त्याने मारलेली गाठ आजवर कुणाकडून सुटली नव्हती.