मामांच्या आंब्याच्या पेट्या आणि इंग्रजीच्या शेपट्या

मामा गेल्याचा फोन मामीनेच केला. मी चिपळूणला शाळेच्या फाटकात स्कूटर लावत होते. "अगो, मामा गेले तुझे. पहाटे, झोपेतच," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "गाडी सावकाश चालव हां. ते आता कुठे जायचे नाहीत." मी रडता रडता हसले. असलं बोलायला मामी शिकली ती मामांकडूनच. आता महिना उलटून गेला, तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले की आधी हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही.

मामा रत्नागिरीजवळच्या आमच्या आजोळगावी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि घरची हापूसची कलमं सांभाळायचे. मे महिन्यात ही दोन्ही कामं एकाच पडवीत चालत. एका बाजूला पेंढ्यात घातलेली आंब्याची अढी, दुसऱ्या बाजूला सुट्टीच्या वर्गाची पोरं, आणि मध्ये मामा, हातात आंबा आणि तोंडात इंग्रजी. फळ्याला जागा उरली नाही तेव्हा त्यांनी आंब्याच्या चार रिकाम्या पेट्या ओढल्या आणि कोळशाने त्यांवर लिहिलं... नेस, मेंट, शन, अर. या शब्दांच्या शेपट्या. आम्हाला चिठ्ठ्या मिळायच्या. 'काइंड' नेसमध्ये टाकायचा, 'ट्रीट' मेंटमध्ये, 'ॲक्ट' शनमध्ये, 'टीच' अरमध्ये, आणि तयार झालेलं नाम मोठ्याने म्हणायचं. मी एकदा विचारलं, हे सगळं कशाला? "अढीत घातल्याशिवाय आंबा पिकतो काय गो?" मामा म्हणाले. "नुसता दयाळू म्हटलं तर तो कोण, ते शोधत बसावं लागतं. दया म्हटलीस की ती आपली आपण उभी राहते." चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मात्र हातातला आंबा खाली ठेवून ते गरजायचे, "गाढवा! उचल ती!" मुलगा असो, मुलगी असो, गाढवाच. सख्खी भाची म्हणून मला सवलत नव्हतीच, उलट माझ्या वाट्याला चार गाढवं जास्त आली. इंग्रजीच्या वर्गाची वेळ झाली की मी कलमांत जाऊन लपायचे, आणि आज मी तेच शिकवून पोट भरते.

एका हंगामात घाईगर्दीत 'नेस'ची पेटी आंबे भरून वाशीच्या बाजारात गेली. आठवड्याने दलालाचा फोन आला, "मास्तर, त्या नेस मार्काचा माल एकदम गोड. अजून पेट्या पाठवा." मामांनी ही गोष्ट पुढे प्रत्येक लग्नात सांगितली. आमच्या गावातलं इंग्रजी वाशीला विकणारा मी पहिला माणूस, असं म्हणून स्वतःच आधी हसायचे.

अडीच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, जमेल तसं बोलत राहा, नाहीतर आहे तेही जाईल. आणि मामा बोलेनात. 'पाणी' म्हणायला जावं आणि भलतंच काहीतरी तोंडातून यावं, याची त्यांना लाज वाटायची. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस... आपली चूक कोणी ऐकू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मामी मला फोनवर म्हणाली, "घरात नुसतं घड्याळ वाजतंय गो. ते असे गप्पच राहिले तर मी काय करू?" त्या विनोदी बाईला मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं ऐकलं. मला रात्रभर झोप आली नाही.

रविवारी मी गेले, तर समोरच्या घरातली नजमा आमच्या माळ्यावर चढलेली. नजमा मामांची जुनी विद्यार्थिनी, नवरा कुवेतला, दोन मुलं पदरात. तिने त्या चारही पेट्या खाली काढल्या, झटकल्या आणि मामांच्या खाटेसमोर ओळीने मांडल्या. "सर, वर्ग भरलाय," ती म्हणाली. मामांनी मान फिरवली नाही. नजमाने चिठ्ठी उचलली, 'टीच' असं वाचलं आणि शांतपणे 'मेंट'च्या पेटीत टाकली. "टीचमेंट," ती खणखणीत आवाजात म्हणाली. खाट करकरली. मामांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले. "गा... गा... गाढवा!"

नजमा हसतेय, रडतेय, तोंडाला ओढणी लावतेय. मामी आतून साखरेचा डबा घेऊन धावली आणि पहिली चिमूट तिने त्या गाढवाच्याच तोंडात घातली. नंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी वर्ग भरला. आम्ही मुद्दाम चुकायचो, मामा ओरडायचे, आणि त्या ओरडण्याच्या मागून एकेक शब्द परत यायचा. शेवटी शेवटी तर मामीच्या आमटीलाही नावं ठेवण्याइतकं त्यांना बोलता येत होतं.

परवा गेले होते. कलमांना मोहोर आलाय. खाट काढलीय, पेट्या तशाच ओळीने आहेत. पडवीत कोणी नव्हतं. मी 'टीच'ची चिठ्ठी घेतली, 'मेंट'च्या पेटीत टाकली आणि उगाच कान देऊन थांबले... वेडेपणा, दुसरं काय. मग उचलायला वाकले, तर पेटीत आधीच एक चिठ्ठी पडलेली. 'काइंड'. मामीला चार इंग्रजी अक्षरं येतात ती या पडवीतूनच ऐकून ऐकून आलेली, पण 'काइंड' नेसमध्ये जातो हे तिला पाठ आहे.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"असू दे गो तिथेच," ती म्हणाली. "ती माझी आहे."