ऑर्सेताचं गोडं पाणी

आमचे पूर्वज घोडेस्वारांना भिऊन या खाडीत पळून आले. चिखलात ओंडके ठोकले, त्यांवर घरं बांधली, चर्च उभारली, व्हेनिस वसवलं. प्यायच्या पाण्याचं मात्र पुढच्यांवर ढकलून मोकळे झाले!

आमच्या चौकात ते निस्तरलं ऑर्सेतानं. ती मूळची तोर्चेल्लो बेटावरची. बेट ओस पडायला लागलं तेव्हा तिच्या बापानं राहतं घर पाडून विटा होडीत भरल्या, आणि त्या ढिगावर बसून ही पोर इकडं आली. पुढं विहिरी बांधणाऱ्या बोर्तोलोशी लग्न झालं. आमची विहीर अर्धवट टाकून तो तापानं गेला, तशी बाह्या सरसावून ही खड्ड्यात उतरली.

इथल्या विहिरीला झरा कुठला! खड्ड्याला चिकणमातीचं अस्तर, आत वाळू, मधे विटांची नळी. चौकात पडलेला पाऊस वाळूतून गाळून नळीत उतरतो. अस्तराला भेग राहिली, की खाडी आत शिरलीच. ती माती ऑर्सेतानं आम्हा बायकांकडून पायांनी तुडवून घेतली. माझी कंबर मोडली, मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. नळीला विटा लावल्या त्या बापाच्या घराच्या.

नादालिन बोटीनं नदीचं पाणी आणून विकायचा. तो काठावरून खिजवायचा, "मिठागर बांधतेस का गं, ऑर्सेता? खारवायला मासे आणू?"

"आण की! तुझ्या जिभेपासूनच सुरुवात करू."

पावसात विहीर भरली, आणि लगेच वारा सुटून भरती चढली. खाडी चौकाच्या पायऱ्यांना भिडली ती हटेचना. नादालिनच्या बोटी अडकल्या, घरोघरी मडकी कोरडी पडली, पण त्या वाऱ्यात कुणाला घराबाहेर पडता येईना. पाणी ओसरलं तशी सगळी वस्ती विहिरीभोवती गोळा झाली. ऑर्सेतानं बादली ओढली. वाडगा भरला.

"चाख ना," मी म्हटलं.

"माझं कोण खरं मानणार?" तिनं वाडगा नादालिनपुढं धरला. "घे रे. तूच सांग."

मी कपाळावर हात मारला. हा मेला अमृतालाही खारट म्हणेल!

नादालिननं घोट घेतला. मग एका दमात वाडगा रिकामा केला.

"बोल की मेल्या!" मी ओरडले.

त्यानं मिशा पुसल्या आणि वाडगा पुन्हा पुढं केला.

"आणखी घाला, वहिनी."