साहेबांच्या घरातला फ्रिज

मरोळच्या कारखान्यातली ती केस मी अजून विसरू शकलेलो नाही. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि मी अंधेरीच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका परदेशी कंपनीच्या मदतीने पत्र्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना उभा राहिला होता. एका दुपारी तिथल्या पॉवर प्रेसखाली एका कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटे गेली.

कामगार मरोळ गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला. वडिलांची भातशेती त्याच वसाहतीत गेली होती. मी पंचनामा केला तेव्हा प्रेसला हात आत जाऊ न देणारी जाळी नव्हती. मालकाने मात्र सरकारी कारखाना निरीक्षकाचा आठच दिवसांपूर्वीचा दाखला पुढे केला. प्रत्येक प्रेसला जाळी आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. काम भराभर उरकावे म्हणून यानेच ती काढून फेकली असणार, असे मालकाचे म्हणणे. म्हणजे बोटेही त्याचीच गेली आणि चूकही त्याचीच.

मला ते पटत नव्हते, पण सही-शिक्क्याच्या कागदापुढे माझ्या शंकेला किंमत नव्हती.

चौथ्या दिवशी त्या कामगाराची बायको ठाण्यात आली. ती घरोघरी भाजी द्यायची. रडणे नाही, गयावया नाही. समोर उभी राहून तिने विचारले, "साहेब, एकाचा फ्रिज दुसऱ्याच्या घरी असाच जातो का?"

मी तिला बसवले आणि सगळे विचारून घेतले. परदेशी कंपनीचा इंजिनीअर अंधेरीत राहत असे. त्याच्या स्वयंपाकघरात त्याने आपल्या देशातून आणलेला पांढरा फ्रिज होता, दाराच्या खालच्या कोपऱ्याला पोचा आलेला. तोच फ्रिज, त्याच पोच्यासकट, आता निरीक्षकाच्या घरात होता. तिथेही ती भाजी देत असे. त्या काळी सरकारी नोकराच्या घरी फ्रिज येणे म्हणजे अख्ख्या इमारतीने बघायला येण्याची गोष्ट होती.

लाचेचा तपास लाचलुचपत खात्याचा. वरिष्ठांनी मला त्यांच्या पथकाला जोडून दिले. झडतीत फ्रिज मिळाला. निरीक्षक म्हणाला, जुना होता म्हणून विकत घेतला. पावती नव्हती.

मालक अजिबात घाबरला नव्हता. धंद्यात याला लाच म्हणत नाहीत, ओळख ठेवणे म्हणतात, असे त्याने मलाच समजावले. मग शांतपणे म्हणाला, "दिवाळीला तुमच्या ठाण्यात माझ्याकडून मिठाई येते, साहेब. तिला काय म्हणायचं, तेही लिहा."

खोलीतले सगळे खाली बघू लागले. मी जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला सांगितले, "लिहा. ते म्हणाले तसंच."

इंजिनीअर सभ्य माणूस होता. त्याच्या देशात नव्या कामाच्या सुरुवातीला भेट देणे हा शिष्टाचार होता. इथेही तसेच चालते, असे मालकाने त्याला सांगितले होते. फ्रिज देण्याची सूचनाही मालकाचीच. तो खोटे बोलत होता असे मला वाटले नाही. म्हणून मी त्याला त्याच्या रिवाजाबद्दलच विचारत राहिलो. भेट कुठे देता? चारचौघांत, तो म्हणाला. घेणारा काय करतो? तोही परत काहीतरी देतो, नाहीतर देणाऱ्याचा अपमान होतो.

"मग निरीक्षकाने तुम्हाला परत काय दिलं?"

तो मोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाला, "तो दाखला." आणि लगेच त्याने विचारले की त्या कामगाराचा हात कोणता, उजवा का?

त्यानंतर त्याने काहीच लपवले नाही. जाळ्या प्रेसबरोबरच बोटीने आल्या होत्या. त्या लावल्या तर माल कमी निघतो म्हणून मालकाने त्या लावूच दिल्या नव्हत्या. आम्ही त्याला घेऊन कारखान्याच्या गोदामात गेलो. पत्र्यांच्या थप्पीमागे लाकडी खोका होता, खिळेसुद्धा न काढलेला. पंचांसमोर तो फोडला. सगळ्या जाळ्या आत, कागदात गुंडाळलेल्या. जी जाळी खोक्यातून बाहेरच आली नव्हती, ती कामगार काढून फेकणार कशी?

निरीक्षक आणि मालक, दोघांनाही शिक्षा झाली. इंजिनीअरला कंपनीने परत बोलावून घेतले होते, तरी साक्षीसाठी तो स्वतःच्या खर्चाने आला. कामगाराला भरपाई मिळाली. पुढे तो डाव्या हाताने सही करायला शिकला.

मिठाईबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. मी खरे तेच लिहून दिले, घेतली होती. पुढच्या दिवाळीपासून मिठाईचे डबे परत पाठवू लागलो. काही सहकारी त्यावरून वर्षभर माझ्याशी नीट बोलत नव्हते. त्याचे मला वाईट वाटले, पण निर्णय बदलला नाही.

नोकरीत पुढे अनेकांनी मला ऐकवले की भेट कुठली आणि लाच कुठली, हे ज्या त्या देशाच्या रीतीवर असते. रीती वेगळ्या असतात हे मला मान्य आहे. पण लाचेत देणारा खूश असतो, घेणाराही खूश असतो, म्हणून ती कुणाचे नुकसान करते असे त्या दोघांना वाटतच नाही. किंमत तिसरा माणूस मोजतो, आणि व्यवहार ठरतो तेव्हा त्याला कुणी बोलावलेले नसते. कुठल्याही भेटीचा तपास करताना मी आधी त्या तिसऱ्याला शोधू लागलो. बहुतेक वेळा तो सापडला.