विटकरी रंग

परीक्षानळी खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून ती म्हणायची, "थांब गं, घाई नको. रंग बसू दे." तोवर बाकीचे सगळे निरीक्षण लिहून, हात धुऊन बाहेर पडलेले असायचे.

संगमनेरच्या कॉलेजात आमच्या बी.एस्सी.च्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मी कोल्हारची, ती पारनेरची. वसतिगृहात खोलीही एकच. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. वडील पारनेरच्या बाजारात शिंपीकाम करत. ती त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही नानाच म्हणू लागले. जीवरसायनाचा पेपर तेव्हा नुकताच सुरू झाला होता. आपण खाल्लेल्या भाकरीचं पुढे काय होतं, हे तिला इतकं नवलाचं वाटे की जेवताना मला घास गिळू द्यायची नाही. "आता बघ, तुझ्या लाळेनं काम सुरू केलं," म्हणायची.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. खोलीला दिवसाची एक कळशी पाणी मिळे आणि ती दुपारपर्यंत संपे. संपवणारी तीच. "माझ्या पोटात कुणी विहीर खणलीय का काय?" असं म्हणून हसायची आणि शेजारच्या खोल्यांतून तांब्या-तांब्या मागून आणायची. त्याच महिन्यांत ती वाळली. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. पण रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी तांबड्या ज्वारीच्या, भाकरी खाऊन सगळेच वाळले होते, आणि तहान तर गावोगाव होती. तुम्ही त्या वर्षी आमच्या भागात असतात, तर तुम्हालाही तिचं वाळणं वेगळं दिसलं नसतं.

ते दिसलं प्रयोगशाळेत. त्या दिवशी लघवीतली साखर ओळखायची होती. सरांनी साखर घातलेला एक नमुना तयार ठेवला होता आणि तुलनेसाठी प्रत्येकाने स्वतःचा आणायचा होता. मुलं लाजत, एकमेकांना ढकलत हसत होती. निळ्या द्रावणात थोडे थेंब टाकायचे आणि नळी उकळायची. साखर नसेल तर निळा रंग निळाच राहतो. माझा राहिला. तिच्या नळीत हिरवा आला, मग पिवळा, आणि बघता बघता भाजलेल्या विटेसारखा गाळ खाली बसला.

"नळी घाण असंल," ती म्हणाली. तिने नळी घासून धुतली आणि पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तोच रंग. मग सर आले. त्यांनी नवी नळी घेतली, स्वतः उकळली. रंग तोच आला.

"तुला तहान फार लागते का गं?" त्यांनी हळू विचारलं.

ती हो म्हणाली. मग माझ्याकडे वळून बोलली, "विहीर सापडली बघ." मुलांचं हसणं कधी थांबलं ते मला आठवत नाही.

नगरच्या डॉक्टरांनी मधुमेह असल्याचं सांगितलं. इन्शुलिनचं इंजेक्शन रोज, आणि जन्मभर. नाना दुसऱ्याच दिवशी वसतिगृहात आले. रेक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले.

"पुरं झालं शिक्षण. घरी चल. मी हाय ना सांभाळायला."

"नाना, तिथं मला सुई कोण देनार?"

"डॉक्टर देतील की."

"रोज? जन्मभर?" मग ती म्हणाली, "तुमी बघा फक्त." तिने काचेची सिरिंज माझ्याकडून स्टोव्हवर उकळून आणवली, बाटलीतून औषध ओढलं आणि त्यांच्यासमोर आपल्या दंडात सुई घातली. नानांनी तोंड फिरवलं. आयुष्यभर ज्यांच्या बोटांत सुई होती, त्यांना ती एक सुई बघवेना. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मला बी शिकव. सुट्टीत मी देईन." दवाखान्यात ती जशी शिकली होती, तशीच दुपारभर त्यांना शिकवत राहिली. संध्याकाळच्या एस.टी.ने ते एकटेच परतले.

त्या उन्हाळ्यात मी पारनेरला त्यांच्याकडे गेले होते. इन्शुलिन थंड जागी ठेवावं लागतं आणि त्या आळीत फ्रीज कुणाकडेच नव्हता. नानांनी माठात ओली वाळू भरून बाटली तिच्यात पुरली होती. प्यायला पाणी टँकरचं, त्यासाठी रांगा. पण त्यातला एक तांब्या ते आधी त्या वाळूवर ओतत. मग स्वतः पीत.

दुसऱ्या वर्षी सर मधुमेह शिकवायला उभे राहिले. एरवी खडखडीत बोलणारे सर त्या दिवशी खडूशी खेळत होते. साखरेपर्यंत आले आणि म्हणाले, "बाकीचं पुस्तकात आहे. वाचून घ्या."

ती उभी राहिली. "सर, पुढचं राहिलं."

"वाच ना तू."

"मला फळ्यावर पाहिजे, सर. परीक्षेत येणारच आहे, आणि मला तर परीक्षेनंतरही लागणार आहे."

सर पाठमोरे झाले आणि त्यांनी सगळं लिहिलं. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळू लागतं. तिची आम्लं रक्तात साठतात. श्वास खोल आणि भरभर होतो, मग गुंगी येते, मग शुद्ध जाते. ती मान वर करून उतरवून घेत होती. मध्येच तिने पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पुन्हा लिहू लागली. इन्शुलिन घेतल्यावर जेवण लांबलं की तिला थरथर सुटे, म्हणून तो खडा कायम पदरात असायचा.

तिला पहिला वर्ग मिळाला. एम.एस्सी.ला पुण्यात प्रवेशही मिळाला. मी लग्न होऊन कोल्हारजवळच राहिले. वसतिगृह सोडून ती पुण्याला निघाली तेव्हा संगमनेरच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेले होते. ट्रंक टपावर चढेपर्यंत ती मला इन्शुलिनच्या रेणूबद्दल काहीतरी सांगत होती. गाडी सुरू झाली तरी खिडकीतून तिचे हात हलतच होते. निरोप देत होती की रेणूचा आकार दाखवत होती, मला कळलं नाही.

त्याच हिवाळ्यात तिला ताप आला. उलट्या सुरू झाल्या. तिथल्या वसतिगृहातल्या मुलींनी दवाखान्यात नेलं, तिथे सलाइन लावलं, इन्शुलिन दिलं. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मी पारनेरला गेले तेव्हा नाना दुकानात मशीनपाशी बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं, समोर स्टूल ठेवलं.

"पोरी, तू बी तेच शिकली ना, तिच्या संगं?"

"हो, नाना."

"मग मला सांग. त्या दोन दिवसांत तिच्या अंगात काय काय झालं? डॉक्टर म्हनले, तुमाला न्हाई कळायचं. तू नीट सांग. मला येळ हाय."

मी सांगितलं. काहीही न वगळता, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. साखर, चरबी, आम्लं, श्वास, गुंगी. ते मध्ये मध्ये थांबवून विचारत. एखादी गोष्ट कळली नाही तर पुन्हा सांगायला लावत. कैची त्यांच्या हातात होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही.

मी संपवलं तेव्हा ते म्हणाले,

"म्हंजी तिला समदं कळत आसंल. आता हे झालं, आता पुढं हे व्हनार."

"शुद्ध होती तोवर कळलं असणार, नाना."

"कळतंय म्हनून लई भ्याली आसंल, का कळतंय म्हनून भ्याली नसंल?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. नानांनी मान हलवली. रस्त्यावरून गिऱ्हाईक आलं, एक बाई, लेकीचा परकर शिवायला टाकायचा होता तिला. त्यांनी टेप काढली, त्या लहान मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "कोनत्या यत्तेत हायस गं, बाळ?"